दोन्हीकडचे ट्रेसर काका

ट्रेसर काका उभ्याने लिहीत. खुर्चीत बसवलं तर त्यांचं अक्षर बिघडे. नगररचना कार्यालयात तिरप्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी जन्मभर नकाशे गिरवले होते. मूळ नकाशावर पातळ कागद पसरायचा आणि खालची रेघ न रेघ वर उतरवायची, हे त्यांचं काम. सरकारी भाषेत अशा माणसाला अनुरेखक म्हणतात. यवतमाळात अनुरेखक म्हणून हाक मारली तर कुणी वळून बघणार नाही, म्हणून ते सगळ्या गावाचे ट्रेसर, आणि आमच्या लेआउटमधल्या बायकांचे ट्रेसर काका. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, उभं राहणं सुटलं नाही. कंपाउंडची भिंत, फ्रिजचा माथा, उभ्या जीपचं बॉनेट, जिथे बरं सपाट काही मिळेल तिथे ते कागद ठेवत. एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना मांडवातल्या कूलरवर कागद ठेवून त्यांनी कुणाच्या तरी गॅलरीचा अर्ज पुरा केला. नवरदेवाच्या बापाला वाटलं, आहेर लिहून घेत आहेत. तो दोनदा येऊन वाकून बघून गेला.

हात रिकामे असले की पाय चालत. त्यांचं एक पाऊल अडीच फुटांचं, ना जास्त ना कमी, आणि ते कुठेही मोजत सुटत. माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला माणसं जेवायला बसली होती आणि हे आमच्या घराच्या भिंतीलगत तोंडातल्या तोंडात आकडे म्हणत चालले होते. मग आमच्या ह्यांच्याजवळ आले आणि अगदी सांत्वनाच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, उत्तरेकडून तुमची मोकळी जागा नियमापेक्षा सव्वा फूट कमी हाये. बाबा होते तवा बोललो नाही." आमचे हे भिडस्त. त्यांनी हात जोडले. आलेल्या पाहुण्यांना वाटलं, काय मायेचं माणूस.

"नकाशात घर दिसते, घरातला मानूस दिसत नाही. तो अर्जात दाखवा लागते," हे त्यांचं वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल. शहराचा नवा आराखडा लागला की कुणाच्या अंगणातून रस्ता जायचा, कुणाच्या प्लॉटवर बगिच्याचं आरक्षण पडायचं. कुणाला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढायचं असायचं. लोक आधी ओळखीचा नगरसेवक शोधत, मग ओळखीचा शिपाई, आणि दोन्हीकडून हात हलवत परत आले की मग ट्रेसर काका. ते सगळं ऐकून घेत, पण चालता चालता. सांगणाऱ्यालाही बरोबर चालावं लागे. जाड माणसं दुसऱ्या फेरीतच मुद्द्यावर येत.

आणि पोच. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन यायचं, ती पोच. "शिक्का नाही तर अर्ज नाही," ते म्हणत. "तुमी म्हनान देला, ते म्हनन भेटला नाही. अन् दोघंही खरं बोलून राह्यले असं वाटते." आमच्या शेजारच्या सुशीलाबाईने एकदा काकांच्या कळंबच्या मुलीसाठी लोणच्याची बरणी दिली. आठ दिवसांनी रिकामी बरणी परत आली, आत चिठ्ठी: लोणचे मिळाले. खाली सही. आम्ही बायका त्या चिठ्ठीवर महिनाभर हसलो.

आता माझं. माझ्या नातवंडांना वाटतं, आजी शहाणीच जन्माला आली. तो गैरसमज मी सहसा दूर करत नाही, पण इथे इलाज नाही. चाळिशीला टेकलेली मी एक महाहुशार बाई होते. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलेलं, ते मी लोकांना नुसतं 'बी.ए.' एवढंच सांगत असे. उरलेलं ज्याने त्याने समजून घ्यावं. हे ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते ती बंद पडली आणि नोकरी गेली. हे घरी बसून एकच पेपर दिवसातून तीनदा वाचू लागले. मुलगा दहावीत. घरात येणारं काहीच नव्हतं. मी ठरवलं, तिखटाची चक्की टाकायची. आमच्याकडे वर्षाचं तिखट उन्हाळ्यात करून ठेवतात. मिरची वाळवायची, देठं खुडायची आणि डबे घेऊन तळपत्या उन्हात गावातल्या चक्कीवर रांग लावायची. लोहाऱ्याच्या बाजूच्या आमच्या आसपासच्या एकाही लेआउटमध्ये तिखटाची चक्की नव्हती. का नव्हती, हा प्रश्न महाहुशार बाईला पडायला हवा होता.

पाटल्या मोडून मी मशीन आणली. पुढच्या खोलीचं दार रुंद केलं. परवानगीचं ह्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, मशीन आली की परवानगी मागून येते. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, मशीनला हळदकुंकू वाहिलं, पाच किलो मिरची टाकली आणि बटण दाबलं. वारा पश्चिमेचा होता. पहिली शिंक ह्यांची. मग दूधवाल्याची. मग समोरच्या घरात गुढीला नैवेद्य दाखवणाऱ्या मास्तरांची, ती ताम्हणासकट. माणसं आमच्या फाटकाशी गोळा होऊ लागली आणि मी पदर सावरून उभी राहिले. मला वाटलं, उद्घाटनाला आले. ते डोळे धुवायला पाणी मागत होते.

हसण्यासारखं तेवढंच. सुशीलाबाईचं घर आमच्या पूर्वेला, सामाईक भिंतीच्या पलीकडे, आणि तिच्या सासूला जुना दमा. म्हातारी श्वासासाठी खाटेवर उठून बसली ती आडवी होईना. ऑटो बोलावून दवाखान्यात नेली. दोन दिवस नळी लावून होती. तिसऱ्या दिवशी सुशीलाबाई फाटकाशी आली, आत नाही आली.

"वंदना, माही सासू जाता जाता राह्यली. हे मशीन इथून हालव."

"कोठी हालवू?"

"लोहाऱ्याच्या एमआयडीसीत ने. नाहीतर घाटंजीच्या बाजारात लाव. पन घराईच्या मधात नाई."

"माह्या घरात म्या काय कराव, हे तू कोन सांगनारी?" असं मी म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण पुढे म्हटलं, "म्या बी.ए. आहो, मले कायदा समजते."

आठ दिवसांत नगरपालिकेची नोटीस आली: निवासी भागात विनापरवाना चक्की, ताबडतोब बंद करावी. मला समजणारा कायदा तो हाच. मशीनवर गोणपाट टाकलं. पण मन थाऱ्यावर राहीना. चूल पेटवली की उठून पुढच्या खोलीत जायची, गोणपाट उचलून बघायची, परत यायची. तोवर वरण उतू गेलेलं. हे म्हणायचे, "अवो, ते काही पळून नाही चाललं." मिरचीचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. एकेक दिवस अंगावरून निघून चालला होता आणि मी घरातल्या घरात फेऱ्या घालत होते. शेवटी नवी पर्स खांद्याला लावून ट्रेसर काकांना गाठलं. पर्स कशाला, ते विचारू नका. कायद्याच्या कामाला पर्स लागते अशी माझी समजूत होती.

काका आमच्या दारासमोरचा रस्ता आडवा चालून गेले. बारा पावलं. "तीस फूट," ते म्हणाले. "नियमात तुमची चक्की बसते, पन रुंद रस्त्यावर. हा आतला रस्ता. म्हंजे सवलत मागा लागन."

"म्हंजे हातापाया पडा लागन?"

"नाही बाई. नियम म्हंजे सगळ्याइसाठी एकाच मापाचा शिवलेला सदरा. एखाद्याच्या खांद्यावर आखूड येते. कोठी आखूड येते, तेवढंच सांगाचं."

त्यांनी आमच्या फ्रिजवर कागद ठेवला. मोटर केवढी, खिडक्या किती, चालवणार किती ते किती, घरात माणसं कोण, सगळं विचारलं. 'पतीची नोकरी जिनिंग बंद झाल्याने गेली' असं लिहिताना मी अडवलं. लोक वाचतील, काय म्हणतील. "वाचाले पाह्यजेच," ते म्हणाले. "साहेबाले हा मानूस दिसला पाह्यजे." पंख्याखाली पेपर वाचत बसलेले आमचे हे जरा सरळ होऊन बसले, फोटो काढायचा असल्यासारखे.

मग मी म्हटलं, "आता लिहा, शेजाऱ्यांची काही हरकत नाही."

काकांनी पेनाला टोपण लावलं. "शेजाऱ्याईले इचारलं?"

"इचारीन हळूहळू."

त्यांनी टोपण काढलं, तिथे दीड ओळीची जागा कोरी सोडली आणि खालून पुढे लिहायला लागले. पुरं झाल्यावर कागद माझ्यासमोर धरला. "ही वळ माह्या हातून येनार नाही. लिहाची असन तर तुमची तुमी लिहा. अन् शेवटला परिच्छेद वाचून घ्या." मी त्यांचंच पेन घेतलं आणि त्यांच्या अक्षरासारखं वळण काढत ती ओळ भरली. मला ते वळण हुबेहूब साधलं असं वाटलं. शेवटचा परिच्छेद वाचला नाही. तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून सही ठोकली. पोच मात्र आणली. तेवढा धाक होता.

महिनाभराची मुदत देणारी जाहीर सूचना माझ्याच फाटकावर चिकटली: ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी द्यावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी अंगणात कुरडया घालत होते. बघते तर रस्त्यावर ट्रेसर काका चाललेत आणि त्यांच्या बाजूने हातवारे करत सुशीलाबाई. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग काका आमच्या सामाईक भिंतीशी आले, पलीकडच्या बाजूने भिंतीवर कागद ठेवला आणि लिहायला लागले. अलीकडे मी, हाताला पीठ.

"काका, हे काय लिहून राह्यले?"

"हरकत."

"कोनाविरुद्ध?"

"तुमच्या अर्जाविरुद्ध. तुमच्याविरुद्ध नाही."

"तो अर्ज तुमीच लिहिला ना?"

"व्हय. चांगला लिहिला. म्हनून हरकतही चांगली लिहा लागते." आणि मान वर करून, जसं काही मी त्यांची मदतनीसच, "बाई, पाडव्याले मशीन किती वाजता लावलती? यायले नक्की आठवत नाही."

मी म्हटलं, "साडेआठ."

सांगून झाल्यावर मला कळलं, मी काय केलं. काकांनी तोवर साडेआठ लिहिलंही होतं. सुशीलाबाई पलीकडून तोंडाला पदर लावून उभी होती; खोकत होती की हसत होती, आजवर सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना चौकात गाठलं आणि तोंड सोडलं. दोन्ही पंगतीत जेवणारा माणूस, घरातलं ऐकून बाहेर सांगणारा, आणखी काय काय. ते चालत राहिले, मी मागून बोलत राहिले. पानठेल्यावरची माणसं बघत होती. चौक ओलांडल्यावर म्हणाले, "बाई, माहा बाप सालदार, वर्षाच्या बोलीवर राबनारा. मालकाच्या दारात हात जोडून उभा राहे अन् तोंडी सांगे. दुसऱ्या दिवशी मालक म्हने, असं बोलनं झालंच नाही. झालं. बापाजवळ काय होतं दाखवाले? त्यानं दीक्षा घेतली तवा मी चवथीत होतो. मले म्हने, तू लिहाले शीक, म्हंजे आपलं बोलनं कोनी खाऊन नाही टाकनार." चार पावलं गेल्यावर पुढे म्हणाले, "सुशीलाबाईले लिहिता येत नाही बरोबर. तुमची बाजू कागदावर अन् तिची हवेत, असं मले कसं चालन?"

मला ते पटलं नाही. राग आला की माणसाला पटवून घ्यायचंच नसतं. सुनावणीच्या दिवसापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. हंगाम संपत चालला होता. गावात मिरचीच्या रांगा लागल्याचं ऐकायला येई आणि मी अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून अंगणात. ती सूचना फाटकावर वाऱ्याने अर्धी सुटली होती, ती मी डिंक लावून पुन्हा नीट चिकटवली. का, देव जाणे.

सुनावणीला मी, आमचे हे आणि सुशीलाबाई एकाच बाकावर. मी ह्या टोकाला, ती त्या टोकाला, मध्ये हे बिचारे. काका बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. नगररचनेचे साहेब तरुण होते, शांत होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि काकांना आत बोलावलं.

"अर्ज आणि हरकत, दोन्ही एकाच हाताचं दिसतं."

"माह्याच, साहेब."

"मग खरं कुणाचं?"

"दोघीईचं. यायले पोट हाये, त्यायले श्वास हाये. निकाल तुमी द्याचा."

साहेब पुन्हा वाचू लागले. त्यांचं बोट माझ्या अर्जावरून उतरत उतरत एका जागी थांबलं. "ही दीड ओळ कुणाची?"

मी पंख्याकडे बघितलं. पंखा नीट चालला होता. सुशीलाबाई बाकावरून उठली, टेबलावर वाकली आणि म्हणाली, "हे तं वंदनाचं अक्षर हाये. हळदीकुंकवाच्या यादीत अशीच वेलांटी काढते."

मी काकांकडे बघितलं. ते काही तरी बोलतील, सावरून घेतील असं वाटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. त्या खोलीत मला मदत करणारं कुणी नव्हतं. शेजारी आमचे हे, ज्यांची नोकरी गेल्याचं त्या कागदावर खरं खरं लिहिलं होतं, आणि त्याच्याच खाली माझी खोटी ओळ. घामाने पर्सचा पट्टा ओला झाला. मी उठले आणि म्हटलं, "साहेब, ती ओळ खोटी आहे. शेजारणीची हरकत आहे. तिची सासू माझ्यामुळे दवाखान्यात गेली." साहेबांनी पेन पुढे केलं. "ओळ कापा, बाजूला सही करा." मी कापली. तेव्हा दिसलं, त्यांच्या अक्षराची माझी नक्कल कुत्र्याच्या शेपटीसारखी वाकडी होती.

मग साहेबांनी अर्जाचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. मी तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला. राहत्या घरी परवानगी देता येत नसेल, तर मंजूर लेआउटमध्ये मोठ्या रस्त्यावर दुकानांसाठी दाखवलेल्या दोन भूखंडांपैकी एकावर चक्कीला परवानगी मिळावी, अशी माझीच विनंती होती. आमच्या लेआउटमध्ये दुकानांचे भूखंड आहेत, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. तिथे बेशरमाची झुडपं आणि आमच्याच घरांतला कचरा. काकांना माहीत होतं, कारण तो नकाशा त्यांनीच कधी काळी गिरवला होता. साहेबांनी सुशीलाबाईच्या हरकतीची शेवटची ओळही वाचली: हरकतदाराची हरकत चक्कीला नाही, जागेला आहे. सुशीलाबाईने माझ्याकडे बघितलं. तिनेही शेवटचं वाचून घेतलं नव्हतं.

परवानगी यायला दिवाळी उजाडली. हंगाम गेला तो गेलाच. ते वर्ष कसं काढलं ते आमचं आम्हाला माहीत. अटी होत्या: उंच पाइप, भुकटी अडवायला कापडी पिशवी, रविवारी बंद. भूखंडाच्या मालकाने जागा भाड्याने दिली, आमचे हे पहिल्या दिवसापासून गल्ल्यावर बसले आणि पेपर एकदाच वाचू लागले. पहिलं गिऱ्हाईक सुशीलाबाई. नाकाला पदर बांधून आली, डबा ठेवला आणि म्हणाली, "बारीक काढ. अन् पोच दे." मी चिठ्ठीवर लिहून दिलं: मिरची मिळाली.

पुढे एकदा काकांना विचारलं, दुकानांच्या जागेचं आधीच तोंडाने का नाही सांगितलं. ते म्हणाले, "सांगतलं असतं तं ऐकलं असतं?" महाहुशार बाई चहा ठेवायला उठली.

ते म्हातारे झाले ते पावलांवरून कळलं. एके दिवशी रस्ता आडवा चालून आले आणि म्हणाले, "आता पाऊल दोन फुटाचं झालं, बाई. गुनाकार बदलवला." पुढे पावणेदोन. तरी येत. मग मुलगी सुजाता, कळंबच्या दवाखान्यात नर्स, त्यांना घेऊन गेली. तिथेही म्हणे चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी रोज मोजून येत. गेल्या हिवाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाला मी आणि सुशीलाबाई बसने गेलो. मांडवात बघितलं तर एकमेकांविरुद्ध भांडलेली माणसं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून. कोण कुणाच्या अर्जातलं आणि कोण हरकतीतलं, ओळखायला जागा नव्हती. सुशीलाबाईचा हात माझ्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, ते आठवत नाही.

निघताना सुजाताने एक कापडी पिशवी दिली. "बाबा म्हनले, हे चक्कीवाल्या बाईले दे. तिले आता अर्ज वाचता येते."

पिशवीत अर्धवट राहिलेली चार कामं होती. तीन साधी: एक गॅलरी, एक जिना, एक आरक्षण. चौथं थरथरत्या अक्षरातलं, दीड पान. आमच्या चक्कीविरुद्धची हरकत.

आमच्या भूखंडाला लागून आता फ्लॅट झालेत. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण मुलगी भाड्याने राहते, तिला तान्हं बाळ. आमचा उंच पाइप आता बरोबर तिच्या खिडकीशी येतो. ती विचारत विचारत कळंबला काकांपर्यंत पोचली होती. काकांनी सुरुवात केली आणि 'सदर पाइपचे खिडकीपासूनचे अंतर' इथे थांबले. मोजायला त्यांना जिना चढवला नसता.

चक्की आता मुलगा बघतो. हे गेल्यावर त्याने दुसरी मोटर बसवली, आणि हंगामात रविवारीही चालवतो. त्याच्यावर चार माणसांचं पोट आहे, त्यात माझंही. मी कागद त्याला दाखवला. तो म्हणाला, "आई, फाडून टाक. कोनाले कळते?" नंतर जरा मऊ आवाजात म्हणाला, "परवानगीच गेली तं?" मी कागद परत घेतला. तीन दिवस घरात फिरत राहिले. हातात झाडणी घेई आणि झाडायचं विसरून जाई. सुनेने दोनदा विचारलं, "आई, काही दुखते काय?" चौथ्या दिवशी बसून उरलेलं लिहिलं. अंतर लिहिलं. दोन मोटरी लिहिल्या. रविवार लिहिला. भुकटीची पिशवी शेवटची कधी बदलली तेही लिहिलं, कारण ते मलाच माहीत होतं.

फ्लॅटची लिफ्ट बंद होती. दोन जिने चढून गेले. मुलीने बाळ खांद्यावर घेऊन दार उघडलं. खिडकी लावलेली होती आणि तरी खोलीत वास होता. तो वास मी पंचवीस पावलांवरूनही ओळखीन. मी म्हटलं, ट्रेसर काकांकडून आले. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं, शेवटच्या परिच्छेदासकट.

"किती बरोबर लिहिलं, आजी. मले तं रविवारचं सुचलंच नव्हतं." मग बाळाच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "पन ते चक्कीवाली म्हातारी लय खट हाये म्हनतात. हे देलं तं घरी येऊन भांडन काय?"

"येईल," मी म्हटलं. "आली की आधी चहा ठेव. इथं सही कर."